काकीनं अकरा वाजता घेतलेलं नाव

अन्याय माझ्या धाकट्या काकीवर झाला. कुठल्या दिवशी झाला तेही सांगतो, म्हणजे "असं काही घडलंच नाही" म्हणायला कुणी मोकळा राहायला नको. चौदा साली सुरू झालेल्या मोठ्या लढाईच्या तहानंतरची दुसरी दिवाळी सरली होती, तुळशीच्या लग्नाचा आदला दिवस होता, आणि दुपार होती. त्या दुपारी महाडचा एक कारकून पोलादपूर मागं टाकून, उमरठच्या वाटेवरची आमची वाडी चढून, धापा टाकत काकीच्या अंगणाच्या कडेला उभा राहिला.

त्याचं काम सोपं होतं. सरकारला गावोगाव दगड बसवायचे होते: या गावातून लढाईवर इतके गेले, त्यांतले इतके मेले. ते आकडे त्यानं गोळा करायचे. दिवस कापणीचे. वाडीतला एकूणएक पुरुष खाली खाचरात वाकलेला. वर उरल्या काकी, दोन बहिऱ्या म्हाताऱ्या आणि कोंबड्या.

"या घरातलं कुणी लढाईत मेलं?" कारकुनानं विचारलं.

"व्हय," काकी म्हणाली.

"कोण?"

"आमच्या घरातलं."

"ते कळलं. नाव?"

काकीनं पदर सारखा केला आणि तुळशीकडं बघत राहिली.

"अहो बाई, नाव सांगा."

"मी कसं सांगू?"

"मग कोण सांगणार?"

"माणसं येतील कापणीवरनं, ती सांगतील."

"केव्हा येतील?"

"दिस बुडाला की."

दिवस बुडायच्या आत कारकुनाला महाड गाठायचं होतं. "नाव नाही तर माणूस नाही," असं म्हणून तो उतरला. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं समजू नका. त्याच्या घरीही त्याचं नाव कुणी घेत नसणार. तो काही विलायतेहून आला नव्हता.

वर्षभरात दगड बसला, आमच्या चावडीसमोर. वर इंग्रजी, खाली मराठी. गेले सात, मेले दोन. आता गंमत ऐका. त्या दगडावर नाव एकाचंही नाही! नुसते आकडे. ज्या दगडावर एकाचंही नाव कोरायचं नव्हतं, त्यातून माझा काका वगळला गेला, कारण त्याचं नाव मिळालं नाही. याला राज्यकारभार म्हणतात.

हा काका मुंबईला गोदीत होता. दासगावहून पडावात, शिडाच्या होडीत, बसून गेला तो तिकडूनच, मुंबईतच, सैन्यात खेचरवाला म्हणून भरती झाला आणि बसऱ्याला गेला. म्हणून सरकारी कागदात त्याचं गाव मुंबईची चाळ; बाकीच्यांची नावं भरतीच्या कागदात आमच्या गावाखालीच होती. मेल्याचा कागदही आधी चाळीत गेला आणि मग फिरत फिरत वाडीवर आला. पेन्शनचे पैसे तेवढे काकीला न चुकता येत होते. तेव्हा तंटा पैशाचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. एका सरकारी हाताला काका मेल्याचं पक्कं माहीत होतं, आणि दुसऱ्या हातानं तो गेलाच नाही असं दगडावर कोरलं होतं.

मी मोठा होऊन महाडच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो. दिवसा लग्नपत्रिका आणि औषधांच्या जाहिराती, आणि मालकाची नजर चुकली की पत्रकं. जुलूम, दडपशाही, धिक्कार, हे शब्द मला डोळे मिटून जुळवता यायचे. साहजिकच पहिला धिक्कार मी घरचा केला. काकाला मोजा म्हणून अर्जावर अर्ज लिहिले. उत्तर दरवेळी तेच: मयताच्या वारसाने अधिकाऱ्यासमक्ष स्वतः नाव सांगावे.

"काकी, एकदा सांगून टाक की नाव," मी म्हणायचो.

"तू तुझ्या बायकोकडनं घे सांगून."

"मला बायको नाही."

"मग आधी कर, मग अक्कल शिकव."

"अगं, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. इथं काका जाऊन किती वर्षं झाली!"

ती भात पाखडत होती. सूप थांबलं. "कागद बोलला, मेले. मी कुठं बोलले?"

मग मला कळलं की भांडण नुसतं सरकारशी नाही. मेलेल्यांच्या दगडासाठी साहेबापुढं नाव सांगायचं, म्हणजे तिनं स्वतःच्या तोंडानं काकाला मेलेला म्हणायचं. आणि न सांगावं, तर काका जन्मभर दगडाबाहेर. ती रोज चावडीवरून पाण्याला जायची. दगडाशी आली की तिची चाल बदलायची. खांद्याला धक्का देऊन गेलेल्या माणसाकडं बघतात, तसं ती त्या दगडाकडं बघायची.

आणि या बाईचं वाडीतलं काम काय, ऐका. उखाणे करणं! कुणा पोरीचं लग्न ठरलं की ती तांदळाचं सूप घेऊन काकीच्या पडवीत. काकी जात्यावर बसल्या बसल्या नवऱ्यामुलाचं नाव विचारायची, दोन घास दळायची, आणि उखाणा तयार. एकीचा नवरा मुंबईला, हात आखडता. तिला करून दिला:

"दासगावच्या धक्क्याला लागली होडी, ——रावांनी मुंबईहून आणली नुसती साखरेची पुडी!"

नवरामुलगा मांडवात लालबुंद झाला आणि पुढच्या खेपेला लुगडं घेऊन आला. वाडीतल्या निम्म्या नवऱ्यांची नावं काकीनं यमकात बसवलेली आहेत. फक्त तिच्या नवऱ्याचं नाव कुठं बसवायची सोय नव्हती. विधवेनं उखाणा घ्यायचा नाही. बाईला नवऱ्याचं नाव उच्चारायची एक फट ठेवलीय आपण, उखाण्याची, आणि तो मेला की तीही लिंपून टाकतो. लढाईनं नवरा नेला, आणि आपल्या चालीनं त्याचं नाव नेलं. पहिल्यासाठी मी सरकारचा धिक्कार करीन. दुसऱ्यासाठी कुणाचा करू? पाटलाचा? आईचा? तुमचा?

लढाई संपल्याला दहा वर्षं झाली त्या साली हुकूम आला. अकरा नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता खुद्द प्रांतसाहेब आमच्या दगडापुढं उभे राहणार, आणि सगळ्या गावानं मेलेल्या शिपायांच्या आठवणीत दोन मिनिटं गप्प राहायचं.

आमचं गाव! गप्प!

गावाला गप्प करायचं काम पाटलानं पेन्शनरावर टाकलं. पेन्शनर म्हणजे लढाईवरून जिवंत परत आलेल्यांतला एक. बसऱ्याला काकाबरोबर होता. बोलताना अर्धी मराठी, अर्धी पलटणीची हिंदी. त्यानं आधी दगडाला चुना लावला, मग आसपासच्या धोंड्यांना लावला, मग चावडीच्या पायरीला लावला. पाटलाची म्हैस वेळेवर हलली म्हणून वाचली. मग आदल्या संध्याकाळी त्यानं सगळ्यांना गप्प राहायच्या तालमीला बोलावलं.

"अटेनशन!" तो ओरडला. "शिंग वाजलं की एकदम चूप. पागोटी उतरवा."

पाटलाचे म्हातारे वडील पुढं झाले. "पागोटं का म्हणून? घरात कोण मेलंय काय?"

"अरे बाबा, मेलेत म्हणूनच तर!"

"कवा?"

"दहा वर्षं झाली."

"मग तवाच उतरवलं की. एका माणसापायी किती वेळा उतरवायचं?"

शेवटी पागोटी डोक्यावर ठेवायची असं ठरलं. शिंग वाजलं. सगळे गप्प झाले. एक शिंकला. दुसरा म्हणाला, "सत्य हाय." त्यावर बाया फिदीफिदी हसल्या. पेन्शनरानं परत शिंग वाजवलं. यावेळी गावातले सगळे कुत्रे शिंगाला सूर लावून रडले. तिसऱ्या वेळी खरोखर सगळे चूप झाले, आणि त्या शांततेत एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "अगो, तुजं आमटीचं पातेलं चुलीवर हाय नव्हं?" ती बाई धावली, तिच्यामागं आणखी चारजणी धावल्या, आणि तालीम मोडली.

मीही महाडहून तयारीनं आलो होतो. रात्रभर जागून छापलेली पत्रकं होती माझ्याकडं: "गप्प बसू नका!" असा मोठ्या ठशातला मथळा, खाली काकाची सगळी हकीकत. साहेबाच्या तोंडावर फडकवायची आणि शांतता सुरू झाली की ओरडायचं, असा बेत. पत्रकं मी वाडीत त्या संध्याकाळीच वाटली. वाचता येणारी माणसं तीन. बाकीच्यांनीही ती आनंदानं घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेजारणीनं मला सुकट आणून दिली, ती माझ्याच धिक्कारात बांधलेली.

काकी ते बघून हसली. बऱ्याच दिवसांनी इतकी हसली. मग म्हणाली, "काल तालमीला मी बघत होते. एवढी माणसं गप्प उभी. कुणाला आठवतायत ते त्या मेल्याला कसं कळायचं रे? माणसाला बोलवायचं तर हाक मारतात का तोंड मिटतात?"

"म्हणून तर मी ओरडणार आहे."

"तू गप बस. दोन मिनिटं तरी."

"मग कोण बोलणार?"

ती जात्याशी बसली. दळायला काही नव्हतं. रिकामंच जातं तिनं दोन फेरे फिरवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अकराच्या आधी प्रांतसाहेब आले. गोरे नव्हेत, आपलेच, पुण्याकडचे, डोक्यावर हॅट. बरोबर एक नवा कारकून. दगडाशेजारी दोन मेलेल्यांच्या घरची माणसं उभी केली होती, प्रत्येकाच्या हातात झेंडूचा हार. बाया बांधाच्या पलीकडं, अर्ध्या कापणीवरून तशाच आलेल्या, कमरेला विळे. साहेब हातातल्या घड्याळाकडं बघत होते आणि सारं गाव साहेबाच्या हाताकडं बघत होतं.

हात खाली आला. पेन्शनरानं शिंग फुंकलं.

आणि काय सांगू, गाव गप्प झालं! शिंक नाही, कुत्रं नाही, आमटी नाही. खालून नदीचा आवाज ऐकू येत होता. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

कारण बांध ओलांडून काकी पुढं आली. दगडासमोर थांबली. कमरेचा विळा काढून तिनं खाली ठेवला, पदर डोक्यावर ओढला, लग्नात नवरी सावरते तसा. आणि मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं अशा खणखणीत आवाजात म्हणाली:

"दगडाला मारली टाकी, दगडाला दिला चुना,
——रावांचं नाव घेते, सायब, मोजा पुन्हा!"

मग बायांच्या घोळक्यातून सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं, सवयीनं, मांडवात म्हणतात तसं म्हटलं, "अगो बाय माजी!" आणि सगळ्या बाया एकदम हसल्या. लग्नात हसतात तशा, एकमेकींच्या अंगावर पडत. दोघी-तिघी हसता हसता डोळे पुसत होत्या.

खरी मजा साहेबांची झाली. त्यांना रागवायचं होतं की विचारायचं होतं, देव जाणे; पण दोन मिनिटं संपली नव्हती! बोलायचं नाही हा हुकूम त्यांचाच. हॅट छातीशी धरून, मान ताठ ठेवून, ते नुसते डोळे काकीकडं वळवत होते. नवा कारकून त्यांच्या कानाशी कुजबुजला, "काय नाव म्हणाल्या?" तेव्हा साहेबांनी त्याच्या बुटावर बूट ठेवला. पेन्शनर खांबासारखा ताठ, पण मिशा थरथरत होत्या. आणि काकी सगळ्यांच्या मधोमध उभी. ती दोन मिनिटं सरकारनं दिली होती ना गप्प राहायला? तिनं वापरली. तिच्या दोन ओळींनंतर उरलेला सगळा वेळ साऱ्या गावानं, साहेबासकट, फक्त माझ्या काकाची आठवण काढली. दुसऱ्या कुणाची काढणं शक्यच नव्हतं.

शिंग वाजलं. साहेबांनी श्वास सोडला.

"बाई, नाव पुन्हा सांगता का? यांना लिहून घ्यायचं आहे."

"एकदा घेतलं," काकी म्हणाली. "लगीन एकदाच झालं."

कारकून हवालदिल. तेव्हा पाटलाच्या वडिलांनी काठी आपटली आणि काकाचं नाव घेतलं. मग पेन्शनरानं. मग सगळ्या गावानं, पुरुषांनी, बायांनी, पुन्हा पुन्हा, दरीत घुमेपर्यंत. आम्हांला काय, आमचा कुणाचा तो नवरा थोडाच होता! एक म्हातारी तेवढी तोंडाला पदर लावून उभी होती, कारण तिच्या म्हाताऱ्याचं नाव तेच. तिनं नुसते हात उंचावले.

"करत काय होते ते?" साहेबांनी विचारलं.

पेन्शनरानं सलाम ठोकला. "खेचरवाला, साब! पाणी लाद के लाता था. पलटण त्याच्या पाण्यावर लढली, साब. मी पण."

साहेबांनी कारकुनाच्या हातातून पेन्सिल घेतली आणि नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. माणूस वाईट नव्हता, एवढं माझ्यासारख्यालाही म्हणावं लागेल. मग दोन हारवाल्या घरांपैकी एका घरच्या म्हाताऱ्यानं आपल्या हारातला एक गोंडा तोडला आणि काकीच्या हातात दिला. तो दगडावर ठेवून, विळा उचलून, ती कापणीवर परत निघाली.

मी मागून धावलो. "काकी! बोललीस तू!"

"व्हय," ती म्हणाली. "आता मेले ते." चार पावलं गेल्यावर थांबली. डोळे ओले होते आणि ओठ हसत होते. "केवढं वरडलं रे गाव. असतील तिथं उचकीनं बेजार झाले असतील."

आता यापुढचं. महिना-दोन महिन्यांनी सरकारी उत्तर आलं: नाव दप्तरी नोंदलं आहे, मात्र दगडावर एकदा कोरलेला आकडा वरच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. ती वरची मंजुरी अजून वरच आहे. दगड अजून दोनच म्हणतो. दगडाचं सोडा, त्याला लाज नसते. आमच्या गावात मात्र दरवर्षी अकरा तारखेला शिंग वाजतं, गाव क्षणभर गप्प राहतं, आणि मग तिन्ही नावं मोठ्यानं पुकारली जातात. जवळची गावं हसतात. नात्याच्या एकानं मला छापखान्यात विचारलं, "तुमच्या गावात म्हणे सुतकाला उखाणे घेतात?" मी म्हटलं, घेतात, तुझ्या घरच्यांनाही पाठव.

पण खरी जीत त्या वैशाखात झाली. वाडीत लग्न होतं. नवरीला उखाणा हवा होता. काकी म्हणाली, "देते. पण मांडवात आधी मी घेणार, मग तू." नवरीची आजी कडाडली, रांडमुंड बाई मांडवात नाव घेणार, अपशकुन! काकीनं जातं झाकून ठेवलं. संप! मी महाडला संपाची पत्रकं छापत होतो, आणि इथं माझ्या काकीनं एका वाक्यात संप पुकारला होता. दोन दिवसांत नवरी स्वतः आजीला म्हणाली, "काकी नाय, तर मीबी नाय. मुकी जाईन सासरी." आजी हरली. काकीनं मांडवात नाव घेतलं, दगडाचा नव्हे, नवा उखाणा, खेचरांचा. वऱ्हाडी हसून हसून आडवे झाले. त्या नवरीच्या घरी आता दोन मुलं आहेत. अपशकुनवाल्यांनी येऊन मोजून जावं.

काकाचं नाव मी इथं मुद्दाम छापलेलं नाही. खिळे माझ्या हातात आहेत, अडवणारं कुणी नाही. पण ते नाव शाईचं नाही. तुम्हांला ते ऐकायचं असेल तर अकरा तारखेला वर या, आणि कानावर हात न ठेवता उभे राहा.

आणि येणं जमत नसेल, तर माझी एक मागणी आहे. ती पत्रकात मागतात तशी हवेत सोडत नाही; तुमच्याकडंच करतो. तुमच्या घरात, नाहीतर शेजारच्या घरात, अशी एक बाई आहे. आहेच, मला सांगू नका नाही म्हणून. तिचा माणूस बसऱ्याला गेला असेल, फ्रान्सात गेला असेल, नाहीतर गावच्या तापात गेला असेल. इतक्या वर्षांत तुम्ही तिला त्याचं नाव विचारलेलं नाही. या अकरा नोव्हेंबरला, अकरा वाजता, बाकीचं जग तोंड मिटून उभं असेल तेव्हा, तिच्यापुढं जाऊन बसा. म्हणा, नाव घे. ती नाही म्हणेल, हसेल, तुम्हांला हाकलेल. ती नाव घेईपर्यंत तिथून उठू नका.